लाकूड आवळायचे की अडवायचे?

मित्रहो, छंद म्हणून सुतारकामाकडे वळणारे आपण बहुतेक जण सुरुवातीला एक रंधा, एखादी करवत आणि दोन-तीन पटाश्या विकत घेतो, आणि पहिल्याच रविवारी असे लक्षात येते की अडचण हत्यारांची नाहीच. रंधा चालवायला दोन्ही हात गुंततात. पटाशी एका हातात आणि मोगरी दुसऱ्या हातात असते. करवत एका हाताने चालत असली, तरी दुसरा हात रेघेपाशी लागतो. मग लाकूड धरायचे कोणी? आजचे माझे सगळे बोलणे या एका प्रश्नाभोवती फिरणार आहे.

या प्रश्नाचे उत्तर म्हणून लोक बाजारात जातात आणि एक वजनदार लोखंडी व्हाइस, म्हणजे स्क्रू फिरवून लाकूड आवळून धरणारा शिकंजा, घेऊन येतात. व्हाइसला माझा विरोध नाही. माझ्याही बाकाला एक आहे. पण कामाच्या बाकावर जी धरपकड रोज करावी लागते, तिच्यातला मोठा भाग प्लायवूडचे उरलेले तुकडे, चार लाकडी ठोकळे, थोडे स्क्रू आणि लोहाराकडून वाकवून आणलेली एक सळई एवढ्यावर होतो, असे माझे मत आहे. या घरगुती वस्तू लाकडाला फारसे आवळत नाहीत. हत्यार लाकडाला ज्या दिशेने ढकलते त्या दिशेला त्या फक्त वाट अडवून उभ्या राहतात, आणि बाकीचे काम हत्याराचा स्वतःचा जोर करतो. आवळणे आणि अडवणे यांतला हा भेद एकदा नजरेत भरला की कोणती वस्तू कशी बनवायची हे बरेचसे आपोआप सुचू लागते.

हे शहाणपण नवीन नाही. आपल्याकडचा पारंपरिक सुतार जमिनीवर बसून काम करत आला. वाकसाने तासताना किंवा पटाशीने खाच पाडताना तो लाकूड तळपायाखाली किंवा टाचेखाली दाबतो, आणि रंधायची वेळ आली की फळीचे पुढचे टोक कशाला तरी टेकवतो. जपानी सुतार रंधा पुढे ढकलत नाही, स्वतःकडे ओढतो. म्हणून त्याचा अडसर त्याच्या अंगाच्या बाजूला असतो. दिशा उलटी, तत्त्व तेच. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या रोमन गावातील एका भित्तिचित्रात सुतारकाम करणारी पंखवाली बालके दाखवली आहेत, आणि त्यांच्या बाकावर लाकूड दाबून धरणारा, वरून वाकलेला लोखंडी होल्डफास्ट ओळखू येतो. त्या चित्रातल्या बाकाला व्हाइस नाही. जर्मनीतील साल्बुर्ग येथील रोमन किल्ल्याच्या विहिरीतून दुसऱ्या शतकातला एक खराखुरा बाक निघाला, त्यालाही आवळणारा स्क्रू नाही. स्क्रूचे व्हाइस युरोपातल्या बाकांवर रुळले ते फार नंतर, आणि त्याआधी उत्तम लाकूडकाम होत नव्हते असे कोणी म्हणणार नाही.

सर्वांत साध्या वस्तूपासून सुरुवात करू. रंध्याचा जोर दोन दिशांना असतो, पुढे आणि खाली. खालचा जोर बाकाची फळी घेते. पुढचा जोर घेण्यासाठी बाकाच्या पुढच्या टोकाला सहा मिलिमीटर जाडीची एक आडवी पट्टी स्क्रूने बसवली, तरी अठरा-वीस मिलिमीटर जाडीची फळी तिच्यावर टेकवून निर्धास्तपणे रंधता येते. स्क्रूचे डोके पट्टीत पुरते बुडलेले हवे आणि शक्यतो स्क्रू पितळी हवा, म्हणजे कधी रंधा घसरून त्यावर गेलाच तर पात्याची धार पूर्ण जाणार नाही. अडसर नेहमी रंधायच्या लाकडाहून ठेंगणा असावा, हे सांगायला नको. याची सुधारलेली आवृत्ती म्हणजे बाकाच्या फळीत आरपार चौकोनी भोक पाडून त्यात घट्ट बसणारा, पन्नास मिलिमीटर चौरसाचा आणि वीस-बावीस सेंटिमीटर लांबीचा बाभळीचा ठोकळा. मोगरीने वरून ठोकला की खाली जातो, खालून ठोकला की वर येतो, आणि हवी ती उंची मिळते. मात्र आपल्या हवेत एक काळजी घ्या. उन्हाळ्यात नेमका बसवलेला ठोकळा जुलैत फुगून असा अडकतो की तो हलवण्यासाठी आख्खा बाक हादरवावा लागतो. म्हणून तो पावसाळ्यात बसवून घ्या, आणि उन्हाळ्यात सैल झाला तर एका बाजूला चामड्याची पातळ पट्टी चिकटवा.

नुसत्या अडसरावर रंधताना फळी कधीकधी बाजूला फिरते, विशेषतः रंधा तिरका चालवताना. तेव्हा लोकांना व्हाइस आठवते. त्याऐवजी बारा मिलिमीटर प्लायचा साधारण तीस सेंटिमीटर लांब आणि बारा सेंटिमीटर रुंद तुकडा घ्या आणि त्याच्या एका टोकाला काटकोनाची खाच पाडा, म्हणजे ते टोक हरणाच्या खुरासारखे दुभंगलेले दिसेल. फळीचा आपल्याकडचा मागचा कोपरा या खाचेत येईल असा तो तुकडा तिरका ठेवायचा आणि त्याला, केवळ त्यालाच, होल्डफास्टने किंवा सी-क्लॅम्पने बाकाशी दाबायचे. आता फळीला मागे सरकता येत नाही आणि बाजूलाही फिरता येत नाही, तरीही तिला कोणी आवळलेले नाही. फळी उलटायची असेल तर ती नुसती उचलायची, उलटायची आणि पुन्हा खाचेत टेकवायची.

आवळलेले नाही, यावर मी एवढा भर का देतो आहे? पातळ फळी दोन खुंट्यांच्या मध्ये ठेवून व्हाइसने लांबीच्या दिशेने आवळली की ती मध्यभागी किंचित वर उचलली जाते. डोळ्याला ते दिसत नाही. आपण त्या उचललेल्या फळीवर रंधा फिरवतो, पृष्ठभाग अगदी सपाट करतो, सरळ पट्टी लावून खात्री करतो आणि व्हाइस सोडतो. फळी मूळ आकारात परत जाते आणि मध्यभागी खोलगट निघते, कारण तिथले लाकूड आपण जास्त काढलेले असते. मग माणूस रंध्याला दोष देतो, पात्याला देतो, लाकडाला देतो. अडसरावर नुसती टेकवलेली फळी अशी फसवत नाही.

आता ज्याने तो खाचेचा तुकडा दाबायचा, त्या होल्डफास्टबद्दल. ही अगदी जुनी आणि थोडी जादूची वाटणारी वस्तू आहे. उलट्या ‘एल’च्या आकाराची जाड सळई, तिचा उभा भाग बाकाच्या भोकात सैलसर बसतो, आडव्या हाताचे टोक लाकडावर टेकते. वरून मोगरीचा एक फटका मारला की सळई भोकात किंचित तिरकी होते, भोकाच्या वरच्या कडेला एका बाजूने आणि खालच्या कडेला दुसऱ्या बाजूने रुतते, आणि लाकूड पक्के दाबले जाते. सोडवायचे असेल तर मागून एक टिचकी. यात स्क्रू नाही आणि झिजणारा भागही नाही. बाजारातले होल्डफास्ट महाग वाटले तर लोहाराकडून अठरा मिलिमीटरच्या गोल सळईचा वाकवून घेता येतो. भोक सळईपेक्षा एक-दीड मिलिमीटर मोठे हवे. अगदी नेमके भोक पाडले तर सळईला तिरके व्हायला जागाच राहत नाही आणि ती पकडत नाही. बाकाची फळी दोन इंचांहून पातळ असेल तर खालून एखादा ठोकळा चिकटवून त्या जागी जाडी वाढवावी. ती चार इंचांहून जाड असेल तर उलट खालून मोठ्या गिरमिटाने भोक रुंद करून प्रत्यक्ष पकडणारी जाडी कमी करावी. नवी गुळगुळीत सळई घसरत असेल तर तिच्या अंगावर आडवा पॉलिश पेपर घासून तिला खरखरीत करा. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागते.

ही भोके सरळ उभी पडायला हवीत, आणि हातातले ड्रिल सरळ धरणे हे वाटते तितके सोपे नाही. जुनी निकामी सीडी बाकावर चकचकीत बाजू वर करून ठेवा आणि तिच्या मधल्या भोकातून आधी बारीक ड्रिलचे पाते खाली न्या, कारण जाड पाते त्या भोकात मावत नाही. सीडीत पात्याचे प्रतिबिंब दिसते. वरचे पाते आणि आतले प्रतिबिंब एकाच सरळ रेषेत आले की ड्रिल त्या दिशेने काटकोनात आहे. मग बाजूला जाऊन दुसऱ्या दिशेनेही तेच पाहायचे. भोके पडली की त्यांत होल्डफास्ट जातो आणि हवे तेव्हा खुंट्याही जातात. भोकात बसणारी गोल दांडी घेऊन तिच्या डोक्याची एक बाजू सपाट तासायची, आणि ही सपाटी दोन-तीन अंश अशी झुकवायची की लाकूड टेकताच ते खालच्या दिशेला दाबले जाईल. भोक गोल असल्यामुळे तिरक्या किंवा निमुळत्या फळीला खुंटी आपणहून वळून भिडते. चौकोनी भोकातल्या खुंटीला हे जमत नाही, म्हणून घरगुती बाकासाठी गोल भोकेच सोयीची, असा माझा कल आहे. खुंटी भोकातून खाली पडू नये म्हणून तिच्या अंगात कपाटाच्या दाराला लावतात तो छोटा स्प्रिंगचा बॉल कॅच बसवतात. सायकलच्या ट्यूबची एक पट्टी चिकटवली तरी चालते.

पाचर या विषयावर मी तासभर बोलू शकेन, पण आवरतो. फळी तिच्या कडेवर उभी करून ती कड रंधायची असते, तेव्हा व्हाइस नसलेला माणूस सर्वांत जास्त हतबल होतो. त्याच्यासाठी एक जाड फळीचा तुकडा बाकाच्या पुढच्या भागावर आडवा बसवा आणि त्यात मागून रुंद, पुढे अरुंद होत जाणारी एक खाच पाडा. खाचेची एक भिंत सरळ, दुसरी तिरकी. उभी फळी सरळ भिंतीला लावायची आणि तिरक्या भिंतीच्या बाजूने पाचर सरकवून हलकी ठोकायची. रंध्याचा प्रत्येक फेरा फळीला पुढे ढकलतो, फळी घर्षणाने पाचरीला सोबत ओढते, आणि पाचर जितकी पुढे जाईल तितकी पकड घट्ट होते. म्हणजे रंधा स्वतःच आपल्या फळीला धरून ठेवतो. येथे खाचेचे अरुंद तोंड रंध्याच्या दिशेला असणे महत्त्वाचे आहे. उलट बसवली तर दुसऱ्याच फेऱ्याला फळी मोकळी होईल. पाचरीचा उतार किती असावा? कोरड्या लाकडाचे लाकडाशी घर्षण कमीत कमी धरले, तरी चौदा अंशांपर्यंतचा उतार आपणहून घसरत नाही. चौदा अंश म्हणजे चार सेंटिमीटर लांबीला एक सेंटिमीटर चढ. प्रत्यक्षात थरथर, धूळ आणि ओलावा यांचा विचार करून सहास एक ते आठास एक एवढा उतार ठेवावा. आठास एकपेक्षा कमी उतार ठेवला तर पाचर इतकी रुतते की काढताना मोगरी शोधावी लागते. पाचरीला मेण लावू नका. मेणाची जागा वेगळी आहे, ती पुढे येईल.

बेंच हुकबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती वस्तू तासाभरात होते. पंचवीस बाय अठरा सेंटिमीटरचा प्लायचा तुकडा, त्याच्या एका टोकाला खालच्या बाजूने एक पट्टी, दुसऱ्या टोकाला वरच्या बाजूने दुसरी पट्टी. खालची पट्टी बाकाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लाकूड टेकते, डावा हात ते दाबून धरतो आणि करवतीचा जोर लाकडाला पट्टीवर ढकलतो. वरची पट्टी उजव्या बाजूला तळापेक्षा दोन सेंटिमीटर आखूड ठेवा, म्हणजे काप पूर्ण होताना करवत तळाच्या प्लायवर उतरेल, बाकावर उतरणार नाही. डावखुऱ्या माणसाने अर्थातच डावीकडे आखूड ठेवावी. पट्ट्या स्क्रूने न बसवता गोंद आणि लाकडी खुंट्यांनी बसवा, कारण ही वस्तू वर्षभरात करवतीने खाल्ली जाणारच, आणि त्या वेळी दातांच्या वाटेत लोखंड नको. दोन सारख्या जाडीचे हुक केले तर लांब लाकडाच्या दुसऱ्या टोकाला आधार मिळतो. हा हुक सुंदर करण्यात वेळ घालवू नका. कोपऱ्यात एक भोक पाडून खिळ्याला टांगा आणि झिजला की नवा करा.

जिच्यावर वेळ घालवावा अशी वस्तू म्हणजे शूटिंग बोर्ड. फळीचे टोक करवतीने कितीही काळजीपूर्वक कापले, तरी ते आरशासारखे साफ आणि अचूक काटकोनात येत नाही. त्या टोकावर लाकडाचे तंतू नळ्यांच्या उघड्या तोंडांसारखे समोर आलेले असतात, आणि तिथे रंधा नुसत्या हाताने चालवला तर पलीकडच्या कडेचा तुकडा हमखास उडतो. शूटिंग बोर्ड हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी सोडवतो. तळाला अठरा मिलिमीटर प्लायची पंचेचाळीस बाय पंचवीस सेंटिमीटरची फळी. तिच्यावर तेवढ्याच लांबीची, पण सतरा सेंटिमीटर रुंदीची बारा मिलिमीटरची दुसरी. उरलेली आठ सेंटिमीटरची पायरी हा रंध्याचा रस्ता. वरच्या फळीवर, पुढच्या टोकाजवळ, रस्त्याशी अचूक काटकोनात सागवानाची किंवा शिसवाची एक जाड पट्टी. लाकूड या पट्टीला टेकवायचे, त्याचे टोक रस्त्याच्या कडेपर्यंत आणायचे, आणि रंधा कुशीवर आडवा करून रस्त्यावरून सरकवायचा. रंध्याचा जोर लाकडाला पट्टीवर दाबतो, आणि पलीकडच्या तंतूंना मागून पट्टीचा आधार असल्यामुळे ते फुटत नाहीत. हीच पुन्हा अडवण्याची युक्ती. फक्त येथे अडसर काटकोनही सांभाळतो.

नवख्या माणसाला एक शंका हमखास येते, की रंधा रस्त्यावरून सरकताना बोर्डाची कडच का रंधत बसत नाही. याचे उत्तर मला फार देखणे वाटते. मध्यम आकाराच्या, म्हणजे पाच नंबरच्या लोखंडी रंध्याचा तळ सुमारे चौसष्ट मिलिमीटर रुंद असतो आणि पाते एक्कावन्न. त्यामुळे पात्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलिमीटरची न कापणारी पट्टी राहते. रंधा कुशीवर आडवा केला की ही पट्टी वरच्या फळीच्या कडेच्या खालच्या अर्ध्या भागाला घासते. पहिल्या काही फेऱ्यांत पाते वरचा अर्धा भाग खरोखरच कापते, आणि एक बारीक पायरी तयार होते. त्यानंतर रंध्याची न कापणारी पट्टी खालच्या भागावर टेकून चालते आणि पाते बोर्डाला स्पर्शही करत नाही. बोर्ड आपली शेवटची कड स्वतःच्याच रंध्याकडून घडवून घेतो. म्हणून एकदा एका रंध्यावर बसवलेला बोर्ड दुसऱ्या, वेगळ्या रुंदीच्या रंध्याला उसना देऊ नये. वरची फळी चिकटवण्याआधी तिच्या खालच्या कडेचा कोपरा थोडा तासून घ्या. भुसा त्या फटीत जमतो आणि रंध्याला रस्त्यावरून उचलत नाही. आणि हीच मेणाची जागा: रस्त्यावर साधी मेणबत्ती घासा, रंधा सरसर जातो.

पट्टी खरोखर काटकोनात आहे की नाही हे गुण्या लावून पाहता येते, पण गुण्याच चुकीचा असेल तर? बोर्डाची परीक्षा बोर्डाकडूनच घ्यावी. सरळ कडेच्या दोन फळ्या घ्या, दोन्हींच्या सरळ कडा पट्टीला टेकवून दोन्हींची टोके बोर्डावर रंधा. मग एका फळीला उलटी करा आणि दोन्हींच्या सरळ कडा एकाच सरळ पट्टीवर उभ्या करून रंधलेली टोके एकमेकांना भिडवा. पट्टी काटकोनात असेल तर फट दिसणार नाही. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, कारण दोन्ही टोकांच्या चुका आता विरुद्ध दिशांना उघडल्या आहेत. चूक दुप्पट होऊन दिसते, हाच या पद्धतीचा मोठा फायदा आहे. गुण्याचीही परीक्षा अशीच होते: एका कडेवर गुण्या लावून रेघ मारा, गुण्या उलटून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा, आणि दोन रेघांत फट पडते का पाहा. पट्टी सुरुवातीला दोनच स्क्रूंनी बसवावी. एका स्क्रूसाठी नेमके भोक, दुसऱ्यासाठी थोडे लांबट, म्हणजे पट्टी किंचित फिरवता येते. परीक्षा समाधानकारक झाली की तिसरा स्क्रू घालून तिला कायमची पक्की करावी. नंतर कधी बारीक फरक जाणवलाच, तर पट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये एका टोकाला छपाईच्या साध्या कागदाचा कपटा ठेवावा. त्याची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते, आणि तेवढी पुरते.

‘माझ्या रंध्याची कूसच तळाशी काटकोनात नाही, मग शूटिंग बोर्डाचा उपयोग काय?’ असा प्रश्न लोक विचारतात. आपल्या बाजारातल्या बऱ्याच रंध्यांच्या बाबतीत ही तक्रार खरी असते. पण कापते ते पाते, कूस नव्हे. आणि पाते बाजूच्या दांडीने किंचित तिरके करता येते. एक टोक रंधून त्याची उभी कड गुण्याने पाहा, पाते जरा वळवा, पुन्हा रंधा. दोन-चार प्रयत्नांत ते जुळते. यासाठी महागडा रंधा घेण्याची गरज मला तरी वाटत नाही. धार मात्र उत्तम हवी आणि काप अगदी पातळ हवा.

बोर्डाचा तळ अख्ख्या सागवानी फळीचा करण्याचा मोह होईल, कारण तो दिसायला छान. तसे करू नका. सागवान तुलनेने शांत लाकूड आहे, तरीही पंचवीस सेंटिमीटर रुंदीची फळी उन्हाळा आणि कोकणातला पावसाळा यांच्यामध्ये रुंदीत दोन-तीन मिलिमीटर कमी-जास्त होऊ शकते, लांबीत मात्र जवळजवळ नाही. त्या फळीवर आडवी पट्टी घट्ट स्क्रूने बसवली की फळी फुगायला पाहते, पट्टी तिला रोखते आणि सगळा बोर्ड वाकतो. प्लायवूडचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्यामुळे ही हालचाल नगण्य राहते. घरात ओल येत असेल तर आयएस ७१० प्रतीचे मरीन प्लाय घ्या. एमडीएफ स्वस्त आणि सपाट असते खरे, पण पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात, आणि शूटिंग बोर्डाची सगळी प्रतिष्ठा कडेवर अवलंबून असते.

फळीतला पीळ पाहण्याच्या पट्ट्या, ज्यांना इंग्रजीत वाइंडिंग स्टिक्स म्हणतात, त्या काही धरत नाहीत आणि अडवतही नाहीत. तरी त्या बाकावरच राहतात आणि घरीच करायच्या असतात, म्हणून त्यांना येथे जागा देतो. दोन सारख्या, अगदी सरळ आणि समांतर कडांच्या पट्ट्या. एक फळीच्या आपल्याकडच्या टोकावर आडवी, दुसरी पलीकडच्या टोकावर. मग खाली वाकून पहिल्या पट्टीच्या वरच्या कडेवरून दुसरीची कड पाहायची. दोन्ही कडा समांतर दिसल्या तर फळीत पीळ नाही. पट्ट्या फळीपेक्षा बऱ्याच लांब ठेवण्यात खरी गंमत आहे. पंधरा सेंटिमीटर रुंदीच्या फळीला अर्धा मिलिमीटर पीळ असेल तर डोळ्याला तो कळणार नाही. पण पट्ट्या साठ सेंटिमीटर लांबीच्या असतील तर तोच पीळ त्यांच्या टोकांशी दोन मिलिमीटर होऊन दिसतो. पलीकडच्या पट्टीच्या वरच्या कडेला फिकट लाकडाची चीप चिकटवली किंवा नुसता पांढरा रंग दिला तर फरक आणखी उठून दिसतो. लाकडी पट्ट्यांचा कंटाळा असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून ॲल्युमिनियमच्या अँगलचे दोन सारखे तुकडे कापून आणा. लाकडाच्या पट्ट्यांइतका त्यांना रुबाब नाही, पण त्या फुगत नाहीत.

बाकाच्या उंचीचा प्रश्न राहिला. रंधण्यासाठी बाक ठेंगणा हवा, म्हणजे अंगाचे वजन रंध्यावर येते. डव्हटेलसारखे बारीक जोड कापताना मात्र त्याच बाकावर कंबर दुखेपर्यंत वाकावे लागते. दोन बाक ठेवायला घरात जागा नसते. येथे आवळणारी एक घरगुती वस्तू मला मनापासून मान्य आहे, आणि ती म्हणजे दोन स्क्रूंचे मॉक्सन व्हाइस. जोसेफ मॉक्सन हा लंडनचा मुद्रक. त्याने १६७८ पासून कारागिरांच्या कामाची सचित्र माहिती हप्त्याहप्त्याने छापली. त्यातल्या चित्रात अशा दोन स्क्रूंच्या व्हाइसचा आधार सापडल्यामुळे आजचे लोक या वस्तूला त्याचे नाव देतात. करायला ती सोपी आहे. दोन जाड, सरळ फळ्या, मागची पुढचीपेक्षा दोन्हीकडे दहा-बारा सेंटिमीटर जास्त लांब, म्हणजे ती कान बाहेर काढून बाकावर क्लॅम्पने बसवता येते. दोन्हींतून आरपार आटे पाडलेल्या सोळा मिलिमीटरच्या दोन सळया, मागच्या फळीत नटने पक्क्या केलेल्या, आणि पुढे फिरवायला मोठे नट किंवा लाकडी मुठी. दोन सळयांच्या मध्ये सगळी जागा मोकळी असते. त्यामुळे रुंद फळी मध्यभागी धरता येते, जे बाकाच्या एका कडेला असलेल्या साध्या व्हाइसमध्ये होत नाही. पुढच्या फळीतली भोके आडवी लांबट ठेवा, म्हणजे निमुळते लाकूडही नीट धरता येते. आतल्या बाजूला पातळ चामडे किंवा सायकलची ट्यूब चिकटवली की थोड्या दाबातच पुरेशी पकड मिळते; घर्षण वाढवले की आवळणे कमी करता येते, हा इथेही तोच हिशेब. बाकाहून पंधरा-एक सेंटिमीटर उंच असा हा व्हाइस कामापुरता बसवायचा आणि मग बाकाखाली ठेवायचा.

शेवटची वस्तू अगदी छोटी आहे आणि बाकावरच्या बाकी सगळ्या वस्तूंची उपयुक्तता तिच्यावर अवलंबून आहे, कारण बोथट पात्यापुढे कुठलाही अडसर आणि कुठलाही शूटिंग बोर्ड निरुपयोगी. धार लावताना पात्याचा कोन प्रत्येक वेळी तोच राहावा म्हणून बरेच जण दोन बाजूंनी पकडणारे, चाकावर चालणारे साधे होनिंग गाइड वापरतात. पाते त्यातून किती बाहेर काढले यावर कोन ठरतो. या प्रकारच्या गाइडमध्ये पटाशी चाळीस मिलिमीटर बाहेर काढली की पंचवीस अंश, तीस काढली की तीस अंश. रंध्याचे पाते पन्नास काढले की पंचवीस, अडतीस काढले की तीस. दरवेळी पट्टी लावून हे मोजण्याऐवजी एका फळीवर चार छोटे ठोकळे चिकटवा, असे की गाइड फळीच्या कडेला टेकवून पात्याचे टोक ठोकळ्याला भिडले की अंतर आपोआप बरोबर येईल. म्हणजे मापही अडसराच्या हवाली केले. प्रत्येक ठोकळ्यापाशी तो कोणत्या पात्यासाठी आणि किती अंशांचा हे लिहून ठेवा, पण पेन्सिलने नको. धार लावण्याच्या दगडापाशी पाणी आणि तेल उडते. सुरीच्या टोकाने कोरा.